परक्या वॉर्डात हात बसवताना

मलावीतल्या ब्लँटायर शहरातलं क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल १९५८ साली सुरू झालं. हजाराहून जास्त खाटा, दक्षिण मलावीतलं सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय, आणि १९९१पासून देशाच्या पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांचं शिकण्याचं ठिकाण. पावसाळ्यात मलेरिया वाढला की मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन, तीन-तीन मुलं झोपवावी लागतात. प्रत्येक रुग्णासोबत घरचं एक माणूस असतं. भरवणं, पुसून काढणं, कूस बदलणं, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणं हे सगळं तेच करतं आणि जमेल तेव्हा आवारात चूल पेटवून मक्याची न्सिमा रांधतं. ससून, घाटी किंवा केईएममध्ये कुणासाठी तरी रात्र काढलेल्या मराठी वाचकाला यात अनोळखी फारसं काही नाही. अनोळखी वाटतील ती राउंडच्या शेपटाला उभी असलेली दोन-चार परदेशी मुलं. एडिंबरा, लिव्हरपूल, ॲमस्टरडॅम, बॉस्टन असं कुठून कुठून आलेली. कुणी सहा आठवड्यांसाठी, कुणी चारच.

ब्रिटनमध्ये एमबीबीएसच्या शेवटच्या टप्प्यावर विद्यार्थ्याला काही आठवडे स्वतःच्या पसंतीच्या ठिकाणी काढायची मुभा असते. त्याला इलेक्टिव्ह म्हणतात. अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नाव आणि मुदत वेगळी असली तरी सोय तीच. यातली बरीच मुलं मलावी, टांझानिया, युगांडा, केनिया, नेपाळ आणि भारताकडे वळतात. काही रेसिडेंट झाल्यावर जातात, तर काही वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याच्याही आधी, अर्जावर लिहायला चार ओळी हव्यात म्हणून जातात. सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. चार वर्षं शस्त्रक्रिया शिकलेला रेसिडेंट आणि रक्तदाब घेता येतो एवढ्याच भांडवलावर निघालेली एकोणीस वर्षांची मुलगी यांच्यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. तरी दोघांपुढचा प्रश्न एकच: या येण्याने कुणाचं भलं होतं?

बाजूने बोलणाऱ्यांच्या हातात एक दणकट आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या अहवालात म्हटलं होतं की जगातल्या एकूण रोगभारापैकी २४ टक्के भार आफ्रिकेवर आहे, आणि तो पेलायला जगातले ३ टक्के आरोग्य कर्मचारी. मग कुणीही आला तरी तेवढाच हातभार, असं वाटणं साहजिक आहे. पण या आकड्यातली उणीव कायम राहणाऱ्या, भाषा येणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या माणसांची आहे. सहा आठवड्यांच्या पाहुण्याला पहिला आठवडा रस्ता, औषधांची नावं आणि केस पेपर कळण्यात जातो. शेवटचा झांझिबारचा समुद्र किंवा सेरेंगेटीचे सिंह पाहण्यात. (यात टोमणा नाही. विशी-बाविशीत सिंह पाहावेतच.) मधले चार आठवडे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारा माणूस त्या ३ टक्क्यांतला असतो.

नेहमी घडणारा एक प्रसंग घ्या. ताप आणि झटके आलेलं तीन वर्षांचं मूल दाखल होतं. मेंदूचा मलेरिया की मेंदूज्वर, हे कळायला पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, म्हणजे लंबर पंक्चर. वॉर्डात आहे तो क्लिनिकल ऑफिसर. मलावीत हा डॉक्टरच्या पदवीचा माणूस नव्हे. तीन वर्षांची पदविका आणि वर्षाची इंटर्नशिप करून तो कामाला लागतो, आणि जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन त्याच्याच हातची असतात. लंबर पंक्चर त्याच्या हातचा मळ. पाहुण्या विद्यार्थ्याने ते मायदेशी बाहुलीवर केलेलं असतं, खऱ्या रुग्णावर लांबून पाहिलेलं असतं. क्लिनिकल ऑफिसर म्हणतो, कर, मी आहे. मुलाला वाकवून धरलं जातं, सुई आत जाते, आणि तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचं मूल श्वास टाकेनासं होतं. तो तिकडे धावतो. आता सुई हातात असलेल्या त्या मुलाने काय करायचं? आई समोर उभी आहे. तिला हा गोरा मुलगा डॉक्टर वाटतो आहे. तो अजून डॉक्टर नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि तिच्या चिचेवा भाषेत ते सांगणं त्याला येत नाही.

हा पेच नवा नाही. १९९८ साली बनातवाला आणि डॉयल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमकं यावरच लिहिलं: इलेक्टिव्हवर गेलेल्या विद्यार्थ्याला 'नाही' कधी म्हणायचं हे कळलं पाहिजे. पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने मार्गदर्शिका काढली. २०१० साली परदेशी प्रशिक्षणाच्या नीतीविषयी एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाची तत्त्वं प्रसिद्ध झाली. त्यांत पाठवणारी संस्था, यजमान संस्था, शिकणारा आणि पैसे देणारा अशा चौघांनाही जबाबदाऱ्या वाटून दिल्या होत्या. २०११ साली अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनेही विद्यार्थ्यांसाठी नियमावली आणली. शब्द वेगवेगळे, सार एक: घरी जे करायची परवानगी नाही, ते तिथेही करायचं नाही.

कागदावर इतकं सोपं असलेलं वॉर्डात अवघड का होतं? पहिलं कारण यजमानांचा चांगुलपणा. पाहुणा लांबून आला आहे, त्याला नुसतं उभं कसं ठेवायचं? दुसरं कारण जरा कमी देखणं आहे. हात बसवायची संधी मिळते म्हणूनच बरीच मुलं तिथे जातात. घरी प्रसूतीच्या खोलीत पाचव्या रांगेत उभं राहावं लागतं, तिथे पहिल्या दिवशी ग्लोव्ह्ज घालायला मिळतात. परत आल्यावर मित्रांत सांगायला दहा प्रसूती आणि अमुक इतके टाके असतात. गरिबाच्या अंगावर हात साफ करून घेणं, याला आपल्याकडे सभ्य शब्द नाही, आणि नसावाही. सरकारी रुग्णालयांत आपलीही मुलं गरिबांच्याच अंगावर शिकतात, हे खरं. पण ती त्याच व्यवस्थेत पुढे राबतात, रुग्णाची भाषा बोलतात, आणि चुकली तर त्याच युनिटच्या प्रमुखासमोर उभी राहतात. पाहुण्याचं विमान शनिवारी असतं.

शिवाय त्या दहा प्रसूती कुणाच्या तरी वाट्यातून आलेल्या असतात. मलावीच्या, टांझानियाच्या विद्यार्थ्यालाही प्रसूती करून शिकायचं असतं, आणि त्याला पुढच्या वर्षी एखाद्या जिल्हा रुग्णालयात एकट्याने उभं राहायचं असतं. त्याला ती प्रसूती न मिळणं हे पाहुण्याला न मिळण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. या तोट्याचा हिशेब फार कमी ठिकाणी मांडलेला दिसतो, कारण या विषयावरचं बहुतेक लेखन पाठवणाऱ्या देशांतून झालेलं आहे. जाणाऱ्याला काय मिळालं यावर ढीगभर अभ्यास आहेत. स्टेथोस्कोप आणि बोटांवर विसंबायला तो शिकला, एमआरआय नसताना विचार करायला शिकला, पुढे प्राथमिक आरोग्यसेवेकडे वळला, वगैरे. हे खोटं नाही. फक्त मुळात तसा कल असलेली मुलंच आधी जातात, हेही लक्षात ठेवावं. ज्या सिस्टरला दुभाषी म्हणून पाहुण्यामागे फिरावं लागलं आणि तेवढा वेळ तिचे रुग्ण थांबले, तिचं म्हणणं क्वचित छापलं जातं.

'कुणीच नसेल तर काय करायचं?' हा युक्तिवाद शेवटी येतोच. खरोखर कुणी नसेल, मूल गुदमरत असेल आणि तुम्हाला श्वासनळी मोकळी करता येत असेल, तर करावी. त्यावर वाद नाही. पण असे प्रसंग विमानतळावरच्या गप्पांत जितके घडतात तितके वॉर्डात घडत नाहीत. बहुतेक वेळा कुणीतरी असतं. तो क्लिनिकल ऑफिसर असतो, अनुभवी दाई असते. पाहुण्याच्या नजरेत त्यांची पदवी कमी भरते, एवढंच.

या वाटेचं टोक युगांडातल्या जिंजात दिसलं. एका तरुण अमेरिकन बाईंनी, वैद्यकीय शिक्षण नसताना, कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. काही वर्षांत तिथे दाखल झालेल्या ९४० मुलांपैकी १०५ दगावली. २०१९ साली दोन आयांनी दावा लावला आणि २०२०मध्ये, दोष मान्य न करता, तडजोड झाली. इतकी कुपोषित मुलं चांगल्या रुग्णालयातही दगावतात, त्यामुळे आकड्यावरून थेट निष्कर्ष काढू नये. प्रश्न वेगळा आहे: मायदेशी असं केंद्र चालवायची परवानगी त्या बाईंना एक दिवसही कुणी दिली असती का?

आता पैसा. या प्रवासाभोवती एक धंदा उभा राहिला आहे. कंपन्या राहणं, जेवण, विमानतळावर घ्यायला गाडी आणि 'हॉस्पिटल प्लेसमेंट' असं सगळं एकत्र विकतात. काही आठवड्यांचे हजारो डॉलर होतात. त्यातले वॉर्डापर्यंत किती पोचतात हे गिऱ्हाइकांनी विचारायला हवं, पण विचारत नाहीत. अनेक शिक्षण रुग्णालयं आता परदेशी विद्यार्थ्याकडून थेट फी घेतात, तिला 'बेंच फी' म्हणतात. काही विद्यार्थ्यांना त्याचा राग येतो: आम्ही सेवा करायला आलो आणि आमच्याकडूनच पैसे? माझ्या मते ही फी सगळ्या व्यवहारातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे. तुम्ही शिकायला आला आहात, शिकवणाऱ्याचा वेळ खर्च होतो आहे, त्याची किंमत द्या. शिकाऊ डॉक्टरच्या थोड्या आठवड्यांच्या भेटीला सेवा म्हणायचं थांबवलं, तर या विषयातला निम्मा गोंधळ निवळेल. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही १९७१ साली सुरू झालेली आणि १९९९चं शांतता नोबेल मिळालेली संघटना विद्यार्थ्यांना कामावर पाठवतच नाही. डॉक्टरलाही आधी दोनेक वर्षांचा अनुभव लागतो. सेवा करायची तर आधी शिकून या, असा त्याचा सरळ अर्थ.

इव्हान इलिच यांनी १९६८ साली मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर हे याहून तिखट शब्दांत सांगितलं होतं. पाहायला या, शिकायला या, डोंगर चढा, पण मदत करायला येऊ नका, असा त्या भाषणाचा सूर. साठ वर्षं होत आली, स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात अजून ते वाचायला देतात. आणि वाचून मुलं विमानात बसतात.

मराठी घरांना या प्रश्नाची दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे. अमेरिकेत रेसिडेन्सी मिळवायची तर तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात. त्यासाठी पुण्या-मुंबईचे, नागपूरचे एमबीबीएस झालेले तरुण पदरमोड करून तिथे ऑब्झर्व्हरशिप करतात. पांढरा कोट घालून मागे उभं राहायचं, रुग्णाला हात लावायचा नाही, केस पेपरवर एक अक्षर लिहायचं नाही. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत रात्रीत वीस जणांना टाके घातलेला मुलगा तिथे हात मागे बांधून उभा असतो. विम्याचे, परवान्याचे नियम आहेत, आणि ते चुकीचे नाहीत. रुग्णाच्या सुरक्षेसाठीच आहेत. मग तिथलाच तिसऱ्या वर्षाचा अमेरिकन विद्यार्थी ब्लँटायरला किंवा बिहारमधल्या एखाद्या मिशन रुग्णालयात पोचताच त्याच्या हातात सुई येते, तेव्हा ती सुरक्षा कुठे जाते? मलावीच्या पदवीधराला बॉस्टनमध्ये जो नियम, तोच बॉस्टनच्या विद्यार्थ्याला मलावीत लावला, तर मार्गदर्शिकांची गरजच उरणार नाही. अर्थात मलावीच्या मुलाला मुळात व्हिसाच मिळाला तर.

परदेशी, साधनं नसलेल्या रुग्णालयात राबलेला तरुण डॉक्टर म्हटलं की आपल्याला द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि लगेच त्यागाची भाषणं सुरू होतात. भाषणं बाजूला ठेवून तपशील पाहू. सोलापूरचे कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झालेले, पुढच्या शिक्षणाच्या तयारीत. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले. नागपूरचे चोळकरही त्यात होते. पथकातले इतर यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, तिथल्यांच्या सैन्यात त्यांच्या हुकमाखाली काम केलं, १९४१मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्या मुलांना वैद्यक शिकवलं, चिनी परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ला गेले तेव्हा वय ३२. उपयोगी पडण्याच्या अटी यात आहेत: मुक्काम, भाषा, यजमानाची शिस्त आणि मागे शिकलेली माणसं ठेवणं. (गोव्यात १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतले डॉक्टरही पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत जात, पण ती पगारी नोकरी. तिचा हिशेब वेगळा.)

सहा आठवड्यांत कुणी कोटणीस होणार नाही, व्हायची गरजही नाही. ज्या ठिकाणी ही ये-जा बरी चालली आहे तिथे दीर्घ मुक्कामाची जबाबदारी संस्थांनी घेतली आहे. केनियातल्या एल्डोरेटमध्ये मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांची भागीदारी १९८९-९०पासून चालू आहे. इंडियानाचा कुणी ना कुणी अध्यापक सतत तिथे राहतो. त्यामुळे येणारा विद्यार्थी चालत्या कामात सामील होतो आणि त्याच्यावर नजर ठेवायला त्याच्याच घरचं माणूस असतं. मोईची मुलंही इंडियानात जातात. युगांडाच्या मकेरेरे विद्यापीठाची येल विद्यापीठाबरोबर २००६पासून अशीच देवाणघेवाण आहे. सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनमधल्या कॉनॉट रुग्णालयात लंडनच्या किंग्ज कॉलेजचं पथक २०१३पासून होतं. २०१४मध्ये इबोला आला तेव्हा ते पळालं नाही, संशयित रुग्णांना वेगळं ठेवण्याचा कक्ष तिथे उभा राहिला. आधीपासून ओळख नसती तर त्या धुमश्चक्रीत पथकाचा काडीचा उपयोग झाला नसता. विद्यार्थ्यांच्या पातळीवर आंतरराष्ट्रीय वैद्यकीय विद्यार्थी संघटनेच्या अदलाबदलीतही एक जातो तेव्हा दुसरा येतो, हे तत्त्व आहे. भारतातले विद्यार्थीही त्यातून जातात.

ब्लँटायरच्याच क्वीन एलिझाबेथ, म्हणजे क्वीन्समधलं एक उदाहरण मला विशेष आवडतं, कारण त्यात कुणी पाहुण्याने कुणाला सुई टोचलेली नाही. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घेताना दमतात. त्यांच्या फुप्फुसात हलका दाब ठेवणारं यंत्र असतं, त्याला सीपॅप म्हणतात. आयात यंत्राची किंमत जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची. टेक्सासच्या राइस विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पाण्यात बुडबुडे सोडून दाब राखणारं स्वस्त, मजबूत यंत्र बनवलं. क्वीन्सच्या डॉक्टरांनी ते तपासलं, त्यातल्या खोडी सांगितल्या, सुधारून घेतलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, श्वासाचा गंभीर त्रास असलेल्या बाळांपैकी नुसता ऑक्सिजन मिळालेली ४४ टक्के जगली, या यंत्रावरची ७१ टक्के. देणगीतून आलेल्या उपकरणांनी गरीब देशांतल्या रुग्णालयांची अडगळ भरलेली असते. सुटे भाग नाहीत, दुरुस्त करणारा नाही. हे यंत्र चाललं, कारण काय हवं ते वॉर्डाने सांगितलं होतं.

महाराष्ट्रात जामखेडला १९७०पासून हीच गोष्ट वेगळ्या रीतीने चालते. रजनीकांत आणि मॅबेल आरोळे यांनी उभारलेल्या प्रकल्पात देशोदेशींची मुलं येतात आणि गावातल्या आरोग्य सेविकांसमोर बसतात. या बायका फारशा शाळेत गेलेल्या नाहीत, कित्येक दलित आहेत. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, नवऱ्याची दारू यांतून गाव कसं बाहेर काढायचं हे त्या सांगतात, पाहुणा वहीत लिहून घेतो. तिथे त्याच्या जागेविषयी कुणाच्या मनात गोंधळ नसतो.

एवढं वाचूनही कुणाला जायचं असेल तर जरूर जावं. हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण करून जावं. दूषित सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण तीनशेत एक, पण औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं, आणि जिथे जाणार तिथे ते मिळेलच असं नाही, म्हणून सोबत न्यावं. रात्री टॅक्सीने लांबचा प्रवास टाळावा, कारण तरुण प्रवाशाला रोगांहून रस्ता जास्त घातक ठरतो. रुग्णाचा, विशेषतः मुलांचा फोटो काढू नये. आजारी मुलाला कडेवर घेतलेला स्वतःचा फोटो तर मुळीच नको. चार शब्द भाषेचे शिकावेत, आणि त्यांत 'मी अजून विद्यार्थी आहे' हे वाक्य पहिलं असावं.

आणि तिकिटाआधी एक पत्र लिहावं. कंपनीला नको, थेट त्या रुग्णालयाच्या शिक्षणप्रमुखाला. माझ्यावर देखरेख कोण करणार, माझ्यामुळे तुमच्या विद्यार्थ्यांचं काय अडेल, फी कुणाच्या खात्यात जाते, आणि तुमचा एखादा विद्यार्थी आमच्याकडे येऊ शकेल का, एवढं विचारावं. मी काय-काय करणार नाही याची यादी जोडावी आणि तिच्यावर आपल्या डीनची सही घ्यावी. सही मिळाली नाही, किंवा पत्राला उत्तर आलं नाही, तर तिकीट काढू नये.